अलार्म वाजत होता आणि मुलं झोपलेलीच होती

मागच्या वर्षीची गोष्ट. रात्री साडेअकराच्या सुमारास पॅसेजमधला धुराचा अलार्म अचानक बोंबलायला लागला. आग नव्हती, नंतर कळलं की सेन्सरच्या आत एक चिमुकला किडा शिरला होता, पण हे कळायच्या आधीची जी दीड-दोन मिनिटं गेली ती मी अजून विसरलेले नाही. मी धडपडत उठले, नवरा स्वयंपाकघराकडे धावला आणि मी मुलांच्या खोलीत. अलार्म त्यांच्या दारापासून जेमतेम तीन मीटरवर आहे, दार सताड उघडं, कानठळ्या बसवणारा आवाज, आणि माझी दोन्ही मुलं डाराडूर झोपलेली. थोरला (नऊ वर्षांचा) एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळला एवढंच. धाकटी सहाची, तिने तर तेही केलं नाही. मी तिला उचलून खांद्यावर टाकलं, बाहेर जिन्यापर्यंत आले, तेव्हा कुठे तिने डोळे किलकिले करून विचारलं, "आई, शाळा?"

काळजात धस्स झालं अक्षरशः. कारण तोपर्यंत माझी अशी पक्की समजूत होती की घरात अलार्म आहे, बॅटरी वेळेवर बदलतो, दर महिन्याला बटण दाबून बघतो, म्हणजे आपलं काम झालं. तो अलार्म मला उठवतो हे खरं. पण समजा आग माझ्या आणि मुलांच्या खोलीच्या मधेच लागली असती तर मी त्यांच्यापर्यंत पोचणार कशी, आणि ती स्वतःहून उठणार कशी?

माझं काम एम्बेडेडचं आहे, म्हणजे छोट्या मशीनच्या पोटात बसणारी सर्किट आणि त्यांचा कोड. त्यामुळे दुसऱ्या दिवशीपासून डोक्यात एकच, मुलांना उठवणारं काहीतरी बनवायचं. तेव्हापासून जे वाचलं, जे बनवलं, जे चुकलं ते सगळं इथे लिहून ठेवतेय, कारण लहान मुलं असलेल्या कुणाच्याही घरी हाच प्रश्न आहे आणि बहुतेकांना तो माहीतच नसतो. मलाही नव्हता.

आधी हे की मुलं उठत का नाहीत. लहान मुलांची गाढ झोप मोठ्यांपेक्षा खूपच जास्त असते, मेंदूच्या लहरी मंद होतात ती झोप, आणि ती रात्रीच्या पहिल्या टप्प्यात सगळ्यात जास्त. म्हणजे नेमकी ती वेळ जेव्हा आपण नुकतेच दिवे घालवून आडवे झालेलो असतो. त्यात घरगुती अलार्मचा आवाज असतो ३,००० हर्ट्झच्या वर, अगदी टोकदार चिरका. तो तसा का असतो याचं कारण मुलांशी नाही तर बझरशी जोडलेलं आहे. आत जी पिझोची (वीज दिली की थरथरणारी) चकती असते ती त्याच पट्टीत सगळ्यात जोरात वाजते, इवल्याशा बॅटरीवर तीन मीटरवरून ८५ डेसिबल देते, स्वस्त आणि टिकाऊ. म्हणून तो आवाज. झोपलेलं मूल कुठल्या आवाजाने उठतं हा प्रश्न त्या डिझाइनमध्ये बराच नंतर आला.

आणि तो विचारणाऱ्यांनी काय मोजलंय ते बघा. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या संशोधकांनी आणि इंग्लंडच्या एका अग्निशमन अधिकाऱ्याने मिळून ३४ मुलांवर चाचण्या केल्या, त्यातली २७ मुलं अलार्म पुन्हा पुन्हा वाजवूनही झोपून राहिली. दर वेळी उठली ती फक्त दोन. १४ मुलगे होते त्यातला एकही उठला नाही. दुसरा अभ्यास अमेरिकेतल्या ओहायोमधल्या नेशनवाइड चिल्ड्रन्स हॉस्पिटलचा, २०१८ मध्ये आलेला, ५ ते १२ वयाची १७६ मुलं. त्यात नेहमीच्या चिरक्या अलार्मने ५३ टक्के मुलं उठली, आणि आईच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजाने ८६ ते ९१ टक्के. पण मी ज्या आकड्यापाशी थांबले तो वेगळा होता. चिरक्या आवाजाला उठायला लागलेला मधला वेळ १५६ सेकंद, आणि आईच्या आवाजाला २ सेकंद. दोन! खोलीबाहेर पडायला एकीकडे २८२ सेकंद आणि दुसरीकडे १८ ते २८.

आता या १५६ सेकंदांच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. अमेरिकेच्याच एनआयएसटी या मोजमापं-मानकांचं काम करणाऱ्या सरकारी संस्थेने २००४ च्या अहवालात लिहिलंय की १९७० च्या दशकातल्या चाचण्यांमध्ये भडकलेल्या आगीत सुटायला साधारण १७ मिनिटं मिळायची, ती आता ३ मिनिटांवर आलीत. कारण सोफे, गाद्या, पडदे यात आता फोम आणि सिंथेटिक कापड असतं, ते फार झपाट्याने पेटतं. तीन मिनिटं म्हणजे १८० सेकंद. त्यातले १५६ नुसते डोळे उघडण्यात गेले तर उरले किती? चोवीस. हे मी वहीत लिहिलं आणि त्या रात्री मुलांच्या खोलीतच गादी टाकून झोपले.

बरं, रोज तर तसं झोपता येत नाही. म्हणून डिझाइन.

पहिला निर्णय मी असा घेतला की धूर ओळखायचं काम मी करणार नाही. छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्स करणारे सगळे लगेच एमक्यू-२ सेन्सर उचलतात, मीही उचलला होता, पण तो मुळात ज्वलनशील गॅससाठीचा आहे, आतला हीटर सतत करंट खातो, गरम व्हायला वेळ घेतो आणि हवेतल्या दमटपणानेही त्याचं रीडिंग हलतं. मुलांचा जीव अशा गोष्टीवर टांगायचा नाही. प्रमाणित अलार्म अनेक चाचण्यांमधून गेलेला असतो, त्याला त्याचं काम करू द्यावं. (तो फोटोइलेक्ट्रिक असेल तर झोपायच्या खोल्यांजवळ जास्त बरा, म्हणजे ज्यात प्रकाशाचा किरण धुराच्या कणांवर आपटून विखुरतो तो. गादी, वायर असं धुमसत जळणारं तो लवकर पकडतो. आयनायझेशनवाला, ज्यात अमेरिसियम-२४१ या किरणोत्सर्गी पदार्थाचा कण असतो, तो भडकत्या ज्वाळांना जलद आहे. दोन्ही एकात असलेले पण मिळतात.) आणि तो अलार्म उघडून त्यात वायर जोडायच्या हे तर अजिबातच नाही, एकदा उघडला की त्याच्या प्रमाणपत्राला काही अर्थ राहत नाही.

मग माझं डिव्हाइस काय करतं? ते ऐकतं. बस्स. मुलांच्या खोलीत बसून पॅसेजमधल्या अलार्मकडे कान लावून असतं.

हे जमण्याचं कारण म्हणजे अलार्मचा ठरलेला ताल. आयएसओ ८२०१ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात आगीच्या अलार्मचा ताल सांगितलाय: अर्धा सेकंद आवाज, अर्धा सेकंद शांत, असे तीन ठोके, आणि तिसऱ्यानंतर दीड सेकंद शांतता. पूर्ण फेरी चार सेकंदांची. (तुमच्या घरातला या तालात वाजतो का ते टेस्टचं बटण दाबून ऐका, तीन-तीनचे गट लगेच कळतात.) माझ्या बोर्डावर एक छोटा माइक आहे आणि कोड फक्त त्या ३,००० हर्ट्झच्या आसपासच्या पट्टीत हा ताल शोधतो. एका फेरीवर ट्रिगर करायचं की दोन यावर मी बरीच घुटमळले. एका फेरीत चार सेकंद वाचतात पण टीव्हीतला, गाडीचा, कसलाही पिकपिक आवाज फसवू शकतो, आणि रात्री दोन-तीनदा खोटं उठवलं की घरातलं कुणीतरी प्लग काढून ठेवणारच, तिथे सगळं संपलं. शेवटी दोन फेऱ्या ठेवल्या. आठ सेकंद. मनाला अजून टोचतात ते आठ सेकंद, पण बंद करून ठेवलेल्या डिव्हाइसपेक्षा बरे.

वायफायवर काहीच ठेवलं नाही. वायरिंगनेच पेट घेतला तर ब्रेकर पडतो, राउटर मरतो, आणि ॲपवर नोटिफिकेशन येईल या भरवशावर बसलेलं मूल झोपलेलं राहतं. त्यामुळे सगळं त्या डबीतच. एरवी विजेवर चालतं, वीज गेली तर आतल्या लिथियम सेलवर साधारण दोन दिवस. सेल प्रोटेक्शन सर्किटवाला घेतलाय आणि डबी भिंतीवर स्क्रूने बसवलीय, पलंगापासून लांब. आगीपासून वाचवणाऱ्या गोष्टीत आपणच बॅटरी आणून ठेवतोय याचं भान ठेवायला लागतं.

आता आवाज. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला.

सुरुवातीला वाटलं की खालच्या पट्टीचा आवाज पुरेल. ऑस्ट्रेलियात डोरोथी ब्रूक यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय, ५२० हर्ट्झची स्क्वेअर वेव्ह (म्हणजे चौकोनी आकाराची ध्वनिलहर) झोपलेल्या माणसाला त्या चिरक्या आवाजापेक्षा कितीतरी चांगलं उठवते, मुलांना, कमी ऐकू येणाऱ्यांनाही. स्क्वेअर वेव्ह असल्यामुळे ५२० सोबत १,५६० आणि २,६०० पण वाजतात, म्हणून तो आवाज भरीव लागतो, भोंग्यासारखा. पिझोच्या चकतीतून तो निघत नाही, खरा स्पीकर लागतो, जास्त करंट लागतो. तो बसवला. एका रात्री, झोपून दीड तास झाल्यावर, वाजवला. (मुलांना आधीच सांगून ठेवलं होतं की या महिन्यात कधीतरी एका रात्री हे वाजेल, खरी आग नसेल, आई दारात उभी असेल. न सांगता घाबरवणं मला पटत नाही.) थोरला विसाव्या सेकंदाला उठून बसला. आणि बसूनच राहिला. डोळे उघडे, नजर कुठेच नाही, आणि दहा-बारा सेकंदांनी परत आडवा झाला. सकाळी त्याला काहीही आठवत नव्हतं.

तेव्हा मला कळलं की नुसतं उठवणं पुरत नाही. गाढ झोपेतून ओढून काढलेल्या मुलाच्या डोक्यात काही सेकंद ते कोण, कुठे, काय करायचं याचा पत्ता नसतो. त्या वेळी कुणीतरी सांगायला हवं. म्हणून माझा आवाज.

पहिलं रेकॉर्डिंग मी केलं ते असं: "बाळा ऊठ, घरात आग लागलीये, लवकर उठून दाराकडे जा, धावू नको, खाली वाकून जा." बोलायला चार-पाच सेकंद. आणि त्यावर अलार्मची चिरचिर, त्यामुळे निम्मं ऐकूच येत नव्हतं. मग लक्षात आलं की अलार्म दर चार सेकंदांनी दीड सेकंद गप्प बसतोच की! माझ्या डिव्हाइसला तो ताल माहीत आहे, तर त्या दीड सेकंदाच्या फटीत बोलायचं. तीन ठोक्यांच्या वेळी माझा खालच्या पट्टीतला भोंगा, आणि शांततेत आवाज.

दीड सेकंदात स्पष्ट, मोठ्याने, झोपलेल्याला कळेल असं किती बोलता येतं? मी स्टॉपवॉच घेऊन बसले. पाच-सहा अक्षरं. संपलं. त्यात काय सांगायचं?

आणि इथे आपली भाषा आडवी आली. मराठीत क्रियापद शेवटी येतं. "खाली वाकून दाराकडे जा" यात काय करायचं ते शेवटच्या अक्षरात कळतं, तोवर अर्धवट झोपेतल्या मुलाचं ऐकणं संपलेलं असतं. म्हणून एका फटीत एकच काम, एकच क्रिया. नकार पूर्णपणे काढून टाकला, कारण "धावू नको" म्हटल्यावर दिवसाच्या सरावात धाकटी धावली होती. तिला "धावू" एवढंच पोचलं असणार.

मग मी मोठ्या हौसेने आदेश बनवले: "ऊठ!", "खाली बस!", "रांग!", "दार!" दुसऱ्या चाचणीच्या रात्री धाकटी उठली. पटकन, पहिल्या की दुसऱ्या हाकेला. खाली बसली. आणि "रांग!" ऐकल्यावर उभी राहिली, भावाच्या पलंगाच्या मागे, हात सरळ, मान सरळ. शाळेत बाई "रांग" म्हणाल्या की उभं राहतात तशी, रांगेत. मी दारातून बघत होते, तिचे डोळे अर्धे मिटलेले, आणि ती शहाण्यासारखी रांगेत उभी, बरोबर त्या उंचीवर जिथे खऱ्या आगीत धूर असतो. मला रडू आलं तिथेच. सहा वर्षांच्या मुलीला रांग म्हणजे शाळेतली रांग, रांगायचं तर तिने केव्हाच सोडलंय.

आता तो शब्द आहे "गुडघ्यांवर!" आणि तो तिनेच निवडलाय. मी दोघांनाच विचारलं की जमिनीवरून असं जायचं असेल तर तुम्ही काय म्हणाल. मोठ्यांनी मुलांसाठी लिहिलेल्या सूचना एकदा मुलांना वाचून दाखवाव्यात, एवढं तरी प्रत्येकाने करावं.

"जा" की "ये" याचंही तसंच. "जा" म्हटलं की आई पाठवतेय असं वाटतं, पाय निघत नाही. "ये" म्हटलं की मूल येतं. पण येतं कुठे, तर आवाजाकडे! आमची डबी तेव्हा खिडकीजवळच्या भिंतीवर होती, आणि थोरला "दाराशी ये" ऐकून सरळ डबीकडे गेला, दाराच्या बरोबर उलट दिशेला. त्याचं चुकलं कुठे? आई तिकडून बोलत होती. दुसऱ्या दिवशी स्पीकर काढून दाराच्या चौकटीशेजारी, जमिनीपासून फूटभर उंचीवर आणला. इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठाच्या डेबोरा विदिंग्टन यांनी याच कल्पनेवर बाहेर पडायच्या दारापाशी वाजणारे दिशादर्शक साउंडर बनवलेत, धुरात दिसत नसताना माणसं आवाजाच्या दिशेने दारापर्यंत जातात. एकाच पट्टीची शिट्टी कुठून येते ते कानाला नीट कळत नाही, पण ज्यात अनेक पट्ट्या मिसळलेल्या आहेत तो आवाज लगेच सापडतो. माणसाचा आवाज तसाच असतो.

जमिनीलगत एक एलईडीची पट्टीपण लावली, पलंगापासून दारापर्यंत. धूर वर जातो, छताचा दिवा सगळ्यात आधी झाकला जातो, खालची पट्टी दिसत राहते. आधी मी ती जोरात चमकणारी केली होती, धाकटीने पांघरूण डोक्यावर ओढलं. आता मंद, स्थिर, फक्त दाराच्या दिशेने हळू सरकत जाणारी. पांघरूण ओढलं नाही नंतर.

दाराबद्दल बोलायलाच हवं, कारण इथे मी चुकीच्या समजुतीत अनेक वर्षं होते. मुलांच्या खोलीचं दार आम्ही रात्री उघडं ठेवायचो, हाक मारली तर ऐकू यावी म्हणून. पण बंद दार आगीला खूप वेळ अडवतं. अमेरिकेत यूएल या संस्थेच्या संशोधकांनी घरं पेटवून मोजलंय, बंद दाराच्या खोलीत तापमान ३८ अंश सेल्सियसच्या खाली आणि दाराबाहेर ५०० च्या वर. साधं घरातलं दार, काही खास नाही. आता आम्ही बंद करून झोपतो. पण बंद दारातून पॅसेजमधला अलार्म मुलांपर्यंत आणखी कमी पोचतो, म्हणजे खोलीच्या आत काहीतरी हवंच. आमच्या डिव्हाइसचा माइक बंद दारातून तो ताल पकडतो, आणि उशीपाशी आवाज ७५ डेसिबलच्या वर ठेवलाय, मीटरने मोजून.

पण मग सगळ्यात अवघड प्रश्न. दाराशी ये म्हणायचं, आणि आग दाराबाहेरच असेल तर?

यावर मी दोन महिने अडकले होते. डिव्हाइसने मुलाला आगीत नेलं तर त्यापेक्षा ते नसलेलं बरं. शेवटी दाराच्या बाहेरच्या बाजूला, वरच्या कडेला एक तापमानाचा सेन्सर लावला. तिथे ५० अंशांच्या वर गेलं की आदेश बदलतात: "दार बंद!", "खिडकीशी ये!" आणि त्यासाठी खिडकीजवळ दुसरा स्पीकर, कारण आवाजाकडेच मूल येणार आहे हे आता माहीत होतं. सेन्सरची वायर तुटली किंवा रीडिंग येईनासं झालं तर? तेव्हा डिव्हाइस काय म्हणेल? मी ते असं ठरवलंय की सेन्सरचं कळत नसेल तर बाहेर धोका आहे असंच धरायचं, खिडकीकडे. बंद दारामागे खिडकीशी असलेल्या मुलाला थोडा वेळ मिळतो आणि बाहेरच्यांना ते दिसतं, पेटलेल्या पॅसेजमध्ये गेलेल्याला वेळच मिळत नाही. आणि अर्थात रोज रात्री ते स्वतःला तपासतं, काही बिघडलं असेल तर संध्याकाळी सात वाजता आमच्या खोलीत सांगतं. पहाटे तीनला पिकपिक नाही. पहाटे तीनला पिकपिक करणाऱ्या अलार्मच्या बॅटऱ्या लोक काढतात आणि परत घालत नाहीत.

यंत्र कितीही शहाणं केलं तरी दाराला हाताची मागची बाजू लावून बघायचं, गरम असेल तर उघडायचं नाही, हे मुलांच्या हातालाच माहीत हवं. म्हणून महिन्यातून एकदा रविवारी दुपारी आम्ही सराव करतो, दिवसा, जागेपणी. डोळे मिटून पलंगापासून दारापर्यंत गुडघ्यांवर, हाताची मागची बाजू दाराला, बाहेर ठरलेल्या खांबापाशी जमायचं. पलंगाखाली आणि कपाटात लपायचं नाही हेही तेव्हाच, कारण घाबरलेली मुलं नेमकी तिथेच जातात, आणि मास्क घातलेला अग्निशमन जवान दिसला की आणखी आत सरकतात. आम्ही त्यांना मास्क आणि सिलिंडर लावलेल्या जवानांचे फोटो दाखवले, त्या मास्कमधून श्वास कसा येतो त्याचा आवाज ऐकवला. धाकटी आता तो आवाज काढत घरभर फिरते.

आत्तापर्यंत रात्रीच्या सहा चाचण्या झाल्या, मधे तीन-तीन आठवडे सोडून, नाहीतर कानाला सवय होते. शेवटच्या चाचणीत थोरला चौथ्या सेकंदाला उठला, धाकटी सातव्या, आणि दोघंही दाराशी सव्वीस सेकंदांत. दोन मुलांवरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं. हे डिव्हाइस प्रमाणित नाही, ते विकायचंही नाही, आणि छतावरचा अलार्म काढून याच्यावर कुणीही विसंबू नये. पॅसेजमधला आहे, आमच्या खोलीतला आहे, दोन्ही एकमेकांना जोडलेले आहेत, एक वाजला की दुसरा वाजतो. आमची धाव मुलांच्या खोलीकडेच असणार आहे. हे त्या धावेच्या आधीच्या सेकंदांसाठी आहे.

रेकॉर्डिंगबद्दल एक सांगायचं राहिलं. ते शांत आवाजात करून चालत नाही. मी पहिल्यांदा शांतपणे केलं, नवऱ्याने ऐकून सांगितलं की ही तर सकाळी दुधासाठी उठवल्यासारखी हाक आहे. मग मी गाडीत बसले, काचा वर केल्या, डोळे मिटले आणि ती किड्याची रात्र आठवली, पण आग खरी आहे असं समजून. आणि दोघांना हाका मारल्या. चौथ्या-पाचव्या वेळी जो आवाज निघाला तो मला माझाच वाटला नाही. तोच डिव्हाइसमध्ये आहे. ओहायोच्या अभ्यासात मुलाचं नाव घेतलं काय आणि नाही घेतलं काय, फारसा फरक पडला नव्हता, त्याच लोकांच्या पुढच्या अभ्यासात अनोळखी माणसाच्या आवाजानेही मुलं उठली, म्हणजे आई नसलेल्या घरातही हे चालेल. तरी मी नाव ठेवलं.

परवा थोरला म्हणाला, "आई, त्यात मला ते लहानपणीच्या नावाने नको हाक मारूस, मी मोठा झालोय." दोन अक्षरांचं घरातलं नाव आहे ते, फटीत छान बसायचं. शाळेतलं नाव चार अक्षरांचं, "ऊठ" धरून सहाच्या आत बसतंय, मोजून पाहिलं. या शनिवारी परत गाडीत बसायचंय, काचा वर करून.